गणेरीचे हार

"झेंडू न्हाय म्हंजे? मग काय पाव्हन्यांच्या गळ्यात बाभळीच्या शेंगा घालाव्या म्हन्ता?"

सोसायटीचे चेअरमन आबाराव दारात उभे होते. केशरबाई चुलीपुढून उठली नाही. पदर तेवढा पुढं ओढून ती म्हणाली, "चेअरमनसाहेब, प्यायला पानी न्हाय. झेंडू कुनाच्या रानात असनार?"

"ते तुमी बघा. मच्छिंद्र रानाचा राखनदार, तुमी त्येची बायकू. फुलं तुमाला न्हाय गावनार तर कुनाला? सकाळी जीप यायच्या आत हार हापिसात पायजेत."

आबारावांना सत्काराचा भारी सोस. एस.टी.तून इस्त्रीच्या कपड्यांतला माणूस उतरला की त्याच्या गळ्यात आधी हार पडायचा, नाव नंतर विचारलं जायचं. मागल्या साली पाझर तलावाचं उद्घाटन झालं तेव्हा तलावात थेंब नव्हता, पण आलेल्यांपैकी एकाचीही मान मोकळी राहिली नव्हती. उद्या तर वनखात्याचे रेंजर साहेब येणार होते आणि त्यांच्यासोबत सोलापूरच्या कॉलेजातल्या एक बाई, मुलामुलींचा घोळका घेऊन. रानातली फुलं बघायला येणार होते म्हणे.

बेंबळी गावाच्या पलीकडं, डोंगराच्या उतारावर वनखात्यानं राखलेलं ते रान. खाली शिवारात औंदा कुसळसुद्धा उरलं नव्हतं, विहिरींचे तळ दिसत होते. पण फाल्गुन लागला आणि रानात पळस पेटला, पांगारा फुलला, काटेसावरीवर पाखरं भांडू लागली. दुष्काळाचं या झाडांशी काही वाकडं नसावं. दर साली या दिवसांत कुणी ना कुणी शहरातलं माणूस रान फिरायला यायचं आणि मच्छिंद्र त्यांना फिरवून आणायचा.

आबाराव गेल्यावर भिंतीला टेकून बसलेला मच्छिंद्र म्हणाला, "उद्या पार वरपातूर जायाचंय. पानी जरा जास्ती घे."

"वर काय हाय?"

"हाय की. साहेबांनी सांगितलंय."

एवढंच. वनखात्याच्या नाक्यावर रेंजर साहेबांशी काय बोलणं झालं, ते त्यानं पोटातच ठेवलं. साहेबांशी झालेलं बोलणं बायकोला फोडून सांगायची रीत त्याच्या बापाची नव्हती, त्याचीही नव्हती.

केशरबाईनंही पुढं विचारलं नाही. हल्ली तिला कशाचं काही वाटतच नसे. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय जसा आपला राहत नाही, चिमटा काढला तरी कळत नाही, तसं तिच्या आतलं काहीतरी झालं होतं. तुळजापूरच्या डोळ्यांच्या शिबिरातून आल्यापासून हे असं होतं. तिथल्या डॉक्टरनं मच्छिंद्रच्या डोळ्यांत बत्ती मारून बघितलं आणि म्हटलं, "काचबिंदू आहे. फार उशीर केलात. गेलेली नजर येत नाही." तेव्हा ती रडली नाही. डॉक्टरला नमस्कार केला, मच्छिंद्रचा हात धरला आणि एस.टी.त जागा धरायला गेली.

उजेड-अंधार त्याला कळे. पुढं कुणी आलं तर सावली हललेली कळे. बाकी काही नाही. आणि हे गावात फक्त दोघांना माहीत होतं, त्या दोघांना.

कारण बाहेर कळलं की राखणदारी गेली. बहात्तरच्या दुष्काळात दोघं याच डोंगरावर चर खणायला आली होती, कामावर मिळणारी सुकडी खाऊन दिवस काढले होते. काम संपलं, माणसं पांगली, मच्छिंद्रला वनखात्यानं रोजंदारीवर ठेवून घेतलं. तेव्हापासून तो रोजंदारीवरच. आता कुठं रेंजर साहेब म्हणाले होते, "मच्छिंद्र, यंदा तुझं नाव कायमसाठी वर पाठवतो. एकदा येऊन तुझं काम बघतो." ते बघणं उद्या होतं.

म्हणून तर केशरबाई पाहुण्यांसाठी पाण्याची घागर घेऊन रानात जाऊ लागली होती. बायकोनं नवऱ्याच्या मागं चालायचं हा गावचा रिवाज, पण पाणी डोक्यावर असलं की पुढं चाललं तरी कुणी नाव ठेवत नाही. ती पुढं चाले. पळस आला की तांब्या घागरीच्या काठावर आपटे, टण्ण. मच्छिंद्र थांबे. मग ती आपल्याशीच बोलल्यासारखं बोले, "बाई गं, उजव्या अंगाला काय ऊन लागतंय." मच्छिंद्र उजवीकडं हात करी आणि म्हणे, "ह्यो पळस." धोंडा आडवा असला तर ती ठेच लागल्यासारखं कण्हे. एरवी मोजकं बोलणारी बाई, पण रानात तिची बडबड ऐकून पाहुणे हसत. मच्छिंद्रही हसे आणि म्हणे, "तोंड काय थांबत न्हाय हिचं."

तर हारांचं बघायचं होतं. पहाटे तो झोपेत असतानाच तिनं आकडी आणि पाटी घेतली. पळस खाली ढिगानं होता, पण पळसाची फुलं हारात टिकत नाहीत, आणि आबारावांना पिवळंच लागणार. पिवळी फुलं सगळ्या रानात एकाच झाडावर होती. वर, कड्याच्या अलीकडं, खडकात उभी असलेली एकटी गणेर. अंगावर पान नाही आणि फांदीफांदीच्या टोकाला वाटीएवढं सोनेरी फूल.

हे झाड मच्छिंद्रचं लाडकं. बहात्तर साली चराची आखणी नेमकी त्याच्या बुंध्यावरून गेली होती. मुकादम म्हणाला तोडा. मच्छिंद्रनं दुपारच्या सुट्टीत कुणाला न विचारता चरच वाकडा खणला आणि झाड सोडून पुढं सरळ नेला. शिव्या खाल्ल्या, पण झाड राहिलं. सगळ्या डोंगरावर सरळ चर आहेत, तेवढ्या एका ठिकाणी त्याला बाक आहे. पुढं दर फाल्गुनात तो तिथं जाऊन बसायचा. गेले दोन फाल्गुन गेला नव्हता.

झाडाखाली उभं राहून केशरबाईनं वर बघितलं. तिच्या मनात आलं, ज्याला बघायची त्याला दिसत न्हाय. मग झाडावर ऱ्हाऊन तरी काय करायचीत?

असं मनात आलं आणि तिला त्याचं वाईटही वाटलं नाही. तिनं आकडी लावली. हात पुरला तिथली हातानं खुडली, उरलेली आकडीनं ओढली. शेंड्याला राहिलेली दोन फुलंसुद्धा सोडली नाहीत, कारण हारात तेवढीच कमी पडतील असं तिला वाटलं. घरी येऊन सुईदोऱ्यात ओवली. मच्छिंद्र उठून तोंड धूत होता. त्यानं विचारलं, "झाले का हार?"

"झाले."

"झेंडू गावला म्हनायचा."

तिनं हार पाटीत ठेवले. तो काठी घेऊन ओळखीच्या पायवाटेनं नाक्यावर गेला आणि ती पाटी घेऊन सोसायटीच्या ऑफिसात.

सत्कार आबारावांच्या मनासारखा झाला. नारळ झाले, टोप्या झाल्या, भाषण झालं. रेंजर साहेबांच्या गळ्यात हार पडला. मग कॉलेजच्या बाईंच्या. हिप्परगेकर त्यांचं आडनाव, जाड काचांचा चष्मा, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांनी हार हातात धरून बघितला आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"अहो, ही तर गणेर! आम्ही खास हिच्यासाठीच आलोय. गेल्या वर्षी मुलांना नुसती चित्रात दाखवली होती. साहेबांना मी म्हटलं होतं, फुललेली गणेर दाखवणार असाल तरच येते. ही कुठली फुलं?"

"आमच्या सोसायटीच्या बागेतली," आबाराव म्हणाले. सोसायटीला बाग नव्हती. ऑफिसामागं खताच्या रिकाम्या गोण्या होत्या.

"बागेत एवढी, तर डोंगरावर किती असेल!" बाई मुलांकडं वळून म्हणाल्या.

केशरबाई भिंतीकडेला रिकामी पाटी धरून उभी होती. तिला ऐकू आलं आणि कळलंही, पण अंगात काही हललं नाही. तिनं पाटी तिथंच ठेवली आणि ऑफिसाच्या पायऱ्या उतरली. अर्ध्या वाटेत आल्यावर कुठं तिच्या लक्षात आलं की आपण पळतोय. घरून घागर उचलली, पांदीनं आडवी निघाली. जीपच्या आधी नाक्यावर पोचायचं, त्याला सांगायचं, झाड रिकामं हाय, तिकडं नेऊ नगा. बस, एवढं सांगितलं की झालं.

जीप आधी पोचली होती. रेंजर साहेब मच्छिंद्रच्या खांद्याला खांदा लावून उभे होते आणि काल रात्री कुठं वणवा दिसला का ते विचारत होते. त्यांचा हार जीपच्या बॉनेटवर होता. बाईंच्या गळ्यात मात्र तसाच होता. दोन-चार पोरींनीही हौसेनं घालून ठेवले होते.

"चला, केशरबाई, पानी घेऊन म्होरं व्हा," मच्छिंद्र ऐटीत म्हणाला. आज त्यानं खाकी सदरा घातला होता. गुंडी चुकीच्या काजात गेली होती, ते तिला आता दिसलं.

साहेब त्याच्या बाजूचे हलेनात. केशरबाई पुढं चालली. पळस आला, तिनं तांब्या आपटला. मच्छिंद्रनं बरोबर हात केला. पोरं वर बघत राहिली, बाई काहीबाही सांगत राहिल्या. काटेसावर आली. पांगारा आला. धायटीची लाल झुडपं आली. सगळं ठीक चाललं होतं, इतकं ठीक पूर्वी कधी चाललं नव्हतं. साहेब एकदा म्हणाले, "तू डोळे मिटून फिरशील रे या रानात." मच्छिंद्र खदखदून हसला. केशरबाईही हसली, हसायचं असतं म्हणून.

चढ लागला तसं तिनं बोलायला सुरुवात केली. "आज वर नगं बाई. ऊन लई झालंय. पोरींना झेपायचं न्हाय."

"झेपेल हो मावशी," एक पोरगी म्हणाली.

"वर आग्यामव्हळ उठलंय," केशरबाई म्हणाली. आवाज जरा चढला. "सकाळी बघितलं म्या. गनेरीच्या अंगाला. माश्या घोंगावत्यात. चावल्या तर मानूस जगत न्हाय."

साहेब थांबले. बाईंनीही चिंतेनं चष्मा सारखा केला. क्षणभर केशरबाईला वाटलं, जमलं.

"छ्या!" मच्छिंद्र म्हणाला. "साहेब, हिचं काय ऐकता? काल संध्याकाळी म्या सोताच्या डोळ्यानं बघून आलोय. पोळं न्हाय, काय न्हाय. गनेर हाय, नुसती भरून आलीया."

साहेबांनी मान डोलावली आणि चढ चढायला लागले. मच्छिंद्रनं काठीनं केशरबाईच्या बाजूला खूण केली, गप ऱ्हा, अशी. आज त्याला तिची गरज नव्हती. बाकीच्या रानात असेल, पण इथं नव्हती. इथला चर त्यानं स्वतः खणला होता.

वर पोचायच्या आधी तिनं शेवटचं एक केलं. तांब्या आपटलाच नाही. गणेरीच्या पुढून न थांबता तशीच चालत राहिली. झाड मागं पडेल, तो तिच्या पावलांमागं येईल, पुढं कड्यावरून खालचं गाव दाखवता येईल. "आजून म्होरं हाय," ती मोठ्यानं म्हणाली, "आजून लई म्होरं."

मच्छिंद्र थांबला. त्याच्या पायाला चराचा बाक लागला होता. त्यानं पाऊल बाकावरून फिरवून खात्री केली आणि समाधानानं मान वर केली.

"न्हाय. हितंच," तो म्हणाला आणि काठी उचलून झाडाकडं केली. "ही बघा आमची गनेर."

घोळका उभा राहिला.

"पान बघायला गावनार न्हाय तुमाला. नुसती फुलं. दुसऱ्या झाडांना आधी पान पायजे, मग फूल. हिचं तसं न्हाय. पानी नसू द्या, पान नसू द्या, ही आपली फुलनार. रंग बघा कसाय, हळदीत नवरी न्हाल्यावानी. त्यो शेंडा बघा, तिथली फुलं समद्यात मोठी. हात पुरत न्हाय म्हून ती ऱ्हात्यात."

पुढं उघडं झाड होतं. राखाडी फांद्या, कुठं कुठं आकडीनं मोडलेली टोकं आणि त्यांतून आलेला चीक. खाली खडकावर चुरगळलेल्या दोन-तीन पाकळ्या. एक पोरगा फसकन हसला आणि दुसऱ्यानं त्याला कोपर मारलं. एकीनं आपल्या गळ्यातल्या हाराला हात लावला, मग झाडाकडं बघितलं, मग मच्छिंद्रकडं. हळूहळू सगळ्यांच्याच नजरा तशा फिरल्या. साहेबांची सगळ्यात शेवटी फिरली. ते मच्छिंद्रच्या डोळ्यांकडं बघत राहिले.

तो बोलता बोलता अडखळला. "काय झालं? कुनी बोलंना."

हिप्परगेकर बाईंनी पदर ओढून गळ्यातला हार झाकला. "काही नाही," त्या म्हणाल्या. "आम्ही बघतोय. तुम्ही सांगा मामा."

मग तो पुन्हा सांगू लागला. मुकादमाच्या शिव्या, वाकडा चर, सुकडी. पोरं उघड्या झाडाकडं तोंड करून ऐकत उभी राहिली. केशरबाई पुढं वाटेवर घागर डोक्यावर घेऊन उभी होती. ती उतरवायचंही तिला सुचलं नाही. म्या केलं, असं तिला ओरडून सांगायचं होतं. इतके दिवस झोपलेलं काळीज नेमकं आता जागं झालं होतं आणि ठणकत होतं.

उतारावर साहेबांनी मच्छिंद्रचं कोपर धरलं. "सांभाळून," म्हणाले. रानात त्याला असं पूर्वी कुणी धरलं नव्हतं. दोन पावलांनी त्याचं चालणं बदललं. ऐट गेली आणि तो चाचपत चालू लागला, जसा घरात चालायचा.

नाक्यावर पोरं गुपचूप जीपमागच्या टेम्पोत बसली. बाईंनी केशरबाईचे हात हातात घेतले आणि जाऊन जीपमध्ये बसल्या. साहेब बॉनेटपाशी आले.

"मच्छिंद्र, वणव्याचे दिवस आहेत," ते म्हणाले. "उद्या काही झालं तर मी काय सांगू? तू आता घरी आराम कर. मी बघतो काही करता येतं का."

"व्हय साहेब."

"फार वर्षं राखलंस रान."

"व्हय साहेब."

बॉनेटवरचा आपला हार साहेबांनी उचलला आणि त्याच्या गळ्यात घातला. दुसरं काय करायचं, हे त्यांनाही सुचलं नसावं. मच्छिंद्रनं हात जोडले. जीप गेली. धूळ बसेपर्यंत दोघं तिथंच उभी होती.

मग त्याचा हात हारावर गेला. बोटांनी त्यानं एक फूल चाचपलं. उन्हानं पाकळ्या मऊ पडल्या होत्या. त्यानं त्या एकेक करून उलगडल्या आणि मधल्या केसरांवरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला.

"गनेर हाय ही," तो म्हणाला.

"व्हय."

"समदी तोडलीस?"

"समदी. शेंड्याची दोन ऱ्हायली व्हती. ती बी."

"मला सांगायचं की गं."

"तुमी मला सांगितलं व्हतं का, तिलाच बघायला येनारेत म्हून?"

त्यानं बोटांतलं फूल सोडलं.

"न्हाय," तो म्हणाला. "म्या बी न्हाय सांगितलं."

केशरबाईनं घागरीतलं उरलेलं पाणी नाक्यावरच्या पांगाऱ्याच्या बुडात ओतलं. दुष्काळात असं पाणी कुणी ओतत नाही. रिकामी घागर तिनं काखेत घेतली, तांब्या आत टाकला. पुन्हा तो वाजवायचं काम नव्हतं. ती त्याच्यापुढं येऊन पाठमोरी उभी राहिली, त्याचा हात घेतला आणि आपल्या खांद्यावर ठेवला.

"लोक बघतील," तो म्हणाला.

"बघू द्या."

गावात शिरायला दोन वाटा होत्या. एक पांदीची, मागून, घराच्या परसात निघणारी. दुसरी सोसायटीच्या ऑफिसावरून. पायऱ्यांवर आबाराव आणि चार माणसं बसलेली लांबून दिसत होती. मच्छिंद्रनं गळ्यातला हार काढला नव्हता. केशरबाईनं डोईवरचा पदर सारखा केला आणि ऑफिसाच्या वाटेनं सावकाश चालू लागली. तिच्या खांद्यावर हात ठेवून तो तिच्यामागून येत होता.